लॉगिन मी केलं, नाव दुसऱ्याचं: कॅशेमधून खासगी माहिती गळते तेव्हा काय, कुठे तपासायचं

लॉगिन केल्यावर वरच्या कोपऱ्यात भलत्याच माणसाचं नाव दिसतंय अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी तेच घडतं. कुणीतरी कॅशे (पानांच्या तयार प्रती साठवून पुढच्यांना देणारी व्यवस्था) पर्ज करतं म्हणजे रिकामा करतं, पान पुन्हा उघडतं, सगळं ठीक दिसतं, आणि तक्रार करणाऱ्याला 'आता बघा' असं कळवून विषय मिटतो. काही दिवसांनी तीच तक्रार दुसऱ्याकडून येते.

दोष परत येतो कारण पर्ज केल्याने साठलेलं चुकीचं पान जातं, ते साठवू देणारा नियम मात्र तसाच राहतो. रिकाम्या कॅशेवर पहिला येणारा पाहुणा लॉगिन न केलेला असेल तर त्याचं साधं पान साठतं आणि कुणाचंच बिघडत नाही. मुदत संपल्यावर पहिला येणारा लॉगिन केलेला निघाला, की त्याचं नाव, पत्ता आणि ऑर्डरी पुढच्या सगळ्यांना दिसू लागतात. म्हणजे दोष रोज हजर असतो, दिसतो मात्र पहिला कोण आला त्यावर. चाचणीत तो सापडत नाही, कारण चाचणी करणारा एकटाच असतो आणि त्याला त्याचंच पान परत मिळतं.

कॅशेला माणूस ओळखू येत नाही. सेतू केंद्राबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म' मागितला तर तो समोरच्या गठ्ठ्यातली वरची प्रत देतो. ती कोरी आहे की आधीच्या गिऱ्हाइकाने भरलेली, हे तो बघत नाही. कॅशेही पानाचा पत्ता पाहून प्रत देतो. त्या प्रतीवर कुणाचं नाव आहे हे कुणीतरी त्याला वेगळं सांगावं लागतं.

पुढची उदाहरणं मुख्यतः वर्डप्रेस, त्यावरचं दुकानाचं प्लगिन वूकॉमर्स, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि त्याच्याही पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाचकाला जवळून देणारं सर्व्हरांचं जाळं) अशा मांडणीची आहेत, कारण छोट्या मराठी दुकानांची आणि प्रकाशकांची संकेतस्थळं बहुधा अशीच असतात. मजेंटो, द्रुपल किंवा स्वतः लिहिलेलं काही असेल तरी तपासाचा क्रम हाच.

लक्षणं

आधी नेमकं काय दिसतंय ते ठरवा. 'साइट गडबडली' या एका तक्रारीखाली चार-पाच वेगळे प्रकार दडलेले असतात.

सौम्य प्रकार म्हणजे लॉगिन करूनही 'लॉगिन करा' हेच बटण दिसणं, किंवा टोपलीत वस्तू टाकूनही आकडा शून्यच राहणं. इथे लॉगिन न केलेल्यांची प्रत लॉगिन केलेल्याला मिळते आहे. त्रास होतो, पण गळती नाही.

फॉर्म पाठवल्यावर 'मुदत संपली, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश वारंवार येत असेल तर पानात शिळं टोकन (फॉर्म खरा आहे हे ओळखायची तात्पुरती खूण) साठलेलं असतं. वर्डप्रेसचं असं टोकन १२ ते २४ तास चालतं. पानाचा कॅशे त्याहून जास्त वेळ ठेवला असेल तर फॉर्म अडकणारच. पण मुदत कमी असूनही टोकन नाकारलं जात असेल, तर ते दुसऱ्या कुणासाठी तयार झालेलं असू शकतं. मग हे लक्षण सौम्य धरू नका.

लॉगिन न केलेल्या वाचकाला वर काळी व्यवस्थापक-पट्टी दिसणं, प्रतिक्रियेच्या चौकटीत अनोळखी माणसाचं नाव आणि ईमेल आधीच भरलेलं असणं, 'माझं खातं' उघडल्यावर परका पत्ता दिसणं ही खरी गळती. प्रतिक्रियेच्या चौकटीचा प्रकार लोक हसण्यावारी नेतात, पण ईमेल पत्ता उघडा पडला तो पडलाच.

आणि सर्वांत वाईट प्रकार: परकं नाव नुसतं दिसत नाही, तर त्यावर टिचकी मारली की माणूस खरोखरच दुसऱ्याच्या खात्यात शिरतो. पत्ता बदलू शकतो, ऑर्डर रद्द करू शकतो. इथे कॅशेने फक्त पान वाटलेलं नाही, पानाबरोबर जाणारी सेट-कुकी म्हणजे सेशनची किल्लीसुद्धा (हा माणूस लॉगिन केलेला आहे हे सर्व्हरला पटवणारी खूण) वाटली आहे. या दोन प्रकारांतला फरक पहिल्याच दिवशी ओळखायला हवा, कारण दुसऱ्यात निव्वळ कॅशे बंद करून भागत नाही.

फरक असा ओळखा: परकं नाव दिसलं की त्याच ब्राउझरमधून खात्याच्या पानाच्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह लावून काहीतरी अर्थहीन अक्षरं जोडा आणि ते पान उघडा. कॅशेला हा पत्ता नवा, म्हणून बहुधा उत्तर थेट मूळ सर्व्हरकडून येतं. आता स्वतःचं नाव किंवा लॉगिनचं पान दिसलं तर फक्त पान गळत होतं. आताही परकंच नाव असेल तर किल्ली गेली आहे, आणि पुढचं वाचण्याआधी 'कुठे थांबायचं' या भागाकडे जा.

पर्ज करण्याआधी

हात शिवशिवतात हे मान्य, पण पर्जने पुरावा पुसला जातो. आधी ब्राउझरची विकसक साधनं उघडा, नेटवर्कच्या रकान्यात पान पुन्हा लोड करा, पहिल्या ओळीवर टिचकी मारा आणि आलेले सगळे हेडर (पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या सूचनांच्या ओळी) वेळेसकट एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. पडद्याचा फोटोही घ्या. (तो गटात टाकू नका. त्यात कुणाची तरी माहिती आहे.)

मग गळती थांबवा. सीडीएनमध्ये सगळ्या एचटीएमएलसाठी कॅशे टाळणारा तात्पुरता नियम लावा आणि मगच पर्ज करा. क्रम उलटा झाला तर पर्ज आणि नियम यांच्या मधल्या काही सेकंदांत नवीन चुकीचं पान साठू शकतं. साइट थोडी हळू चालेल, चालू द्या. विक्रीचा दिवस आहे म्हणून कॅशे चालूच ठेवा असा आग्रह मालक धरतो. त्याला उतरवलेले हेडर नाही, पडद्याचा फोटो दाखवा.

पहिली तपासणी: खरंच कॅशे आहे का?

पैसे न लागणारी, सर्वांत सोपी तपासणी. तक्रार करणाऱ्याला विचारा की हा संगणक किंवा फोन आणखी कुणी वापरतं का. घरातल्या सामायिक फोनवर भावाचं लॉगिन राहिलेलं असतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत आधीच्या विद्यार्थ्याने लॉगआउट केलेलं नसतं. लॉगआउट करूनही 'मागे' बटण दाबल्यावर जुनं पान दिसतं, तेही ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीतून. हा शेवटचा प्रकार सार्वजनिक संगणकावर घातक आहे, पण त्यावर खात्याच्या पानांना 'नो-स्टोअर' म्हणजे 'साठवूच नका' हे हेडर लावणं हा सरळ उपाय आहे. सीडीएनचा त्यात दोष नसतो.

'आमचं ऑफिसचं नेटवर्क एकच आहे, म्हणून होत असेल' हे कारण हमखास ऐकायला मिळतं. एचटीटीपीएस असताना मधल्या कुणाला पान वाचताच येत नाही, तर तो साठवणार कुठून? कंपनीने स्वतःचं प्रमाणपत्र घालून वाहतूक उघडून बघायची व्यवस्था केली असेल तरच ही शक्यता उरते.

याच टप्प्यावर सर्व्हिस वर्करही बघून घ्या. साइट फोनवर ॲपसारखी बसवता येत असेल तर ब्राउझरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट स्वतःचा कॅशे सांभाळत असते. लॉगआउट केल्याने तो कॅशे आपोआप रिकामा होत नाही. विकसक साधनांच्या ॲप्लिकेशन रकान्यात तो दिसतो. तिथे खात्याची पानं सापडली तर तक्रार एकाच फोनपुरती आहे आणि सर्व्हर निर्दोष आहे.

दुसरी: हेडर काय बोलतात?

उतरवून ठेवलेल्या हेडरमध्ये दोन गोष्टी शोधा. 'एज' हे हेडर असेल आणि त्यात शून्यापेक्षा मोठा आकडा असेल तर पान इतके सेकंद कुठेतरी पडून होतं. दुसरी म्हणजे 'एक्स-कॅशे' किंवा क्लाउडफ्लेअर हा सीडीएन वापरत असाल तर 'सीएफ-कॅशे-स्टेटस'. त्यात 'हिट' असेल तर प्रत सीडीएनने दिली. 'डायनॅमिक' किंवा 'बायपास' असेल तर सीडीएन सुटला. चोर आतल्या कॅशेत किंवा कोडमध्ये आहे.

आता एक तारीख बघा. वर्डप्रेस लॉगिन केलेल्या माणसाला पान देताना 'साठवू नका' असं स्वतःहून सांगतं, आणि त्या हेडरांबरोबर 'एक्सपायर्स'मध्ये ११ जानेवारी १९८४ ही जुनीपुराणी तारीख घालतं. पीएचपीचं स्वतःचं सेशन वापरणारी साइट असेल तर तिथे १९ नोव्हेंबर १९८१ दिसते. ही तारीख 'हिट' झालेल्या पानावर दिसली तर तपास निम्मा संपला: मूळ प्रणालीने स्वच्छ शब्दांत नको म्हटलं होतं आणि मधल्या कुणीतरी ते कानाआड केलं. हे काम करताना माझं जे मत बनलं ते हेच, की बहुतेक गळत्यांमध्ये मूळ प्रणाली बरोबर असते. साइट वेगवान करण्याच्या नादात कुणीतरी तिचं तोंड बंद केलेलं असतं.

तिसरी: प्लगिन आणि होस्टिंगची पाटी

कॅशेचं प्लगिन उघडा आणि लॉगिन केलेल्यांसाठी कॅशे चालू करणारी खूण शोधा. ती असणं हाच गुन्हा नव्हे. काही प्लगिनं प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी प्रत ठेवतात, तर काहींमध्ये सगळ्यांना एकच प्रत देण्याचा पर्याय असतो. दोन्हींची नावं सेटिंगच्या पानावर एकमेकांशेजारी असतात. कुठला लागलाय ते दस्तऐवजात वाचून खात्री करा. खुणेच्या शेजारच्या एका ओळीवर विसंबू नका.

मग मोजा, साइटवर एकूण किती कॅशे आहेत. एक प्लगिनचा, एक होस्टिंग कंपनीचा स्वतःचा, एक सीडीएनचा, आणि कधी जुनं प्लगिन काढून टाकल्यावर मागे राहिलेली त्याची फाइल. तिघे एकाच पानाची प्रत ठेवत असतील तर एकाला सांगितलेला अपवाद दुसऱ्याला माहीत नसतो. माझा सल्ला एकच कॅशे ठेवण्याचा, आणि बाकीचे बंद करण्याचा. वेग थोडा कमी झाला तरी काय चाललंय ते निदान समजतं.

चौथी: अपवादांची यादी आणि देवनागरी पत्ते

इथे मराठी साइटवाल्यांनी जरा रेंगाळावं, कारण तयार सल्ल्यांमध्ये हे सहसा सापडत नाही.

कॅशेच्या नियमांत 'ही पानं साठवू नका' अशी यादी असते आणि त्यात खातं, टोपली, पैसे भरणं यांचे इंग्रजी पत्ते असतात. साइट मराठी केली, खात्याच्या पानाचा पत्ता 'माझे-खाते' झाला, तरी यादी तशीच राहते. दुभाषी साइटवर पत्त्याच्या आधी भाषेची खूण लागते, आणि सुरुवातीपासून जुळणारा नियम तिथेही चुकतो. खात्याचं पान यादीबाहेर पडतं आणि साठू लागतं.

यादीत 'माझे-खाते' असं देवनागरीत लिहिलं तरी काम होईलच असं नाही. ब्राउझर हा पत्ता सर्व्हरकडे टक्क्याची चिन्हं आणि सोळा-आधारी आकड्यांची माळ करून पाठवतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा वेलांटी, तीन बाइटचं, म्हणजे त्या माळेत नऊ अक्षरांचं. एनजिनएक्समध्ये 'लोकेशन'चा नियम ही माळ उलगडून मग जुळवतो, म्हणून तिथे देवनागरी चालते. पण 'रिक्वेस्ट यूआरआय' या चलावर लिहिलेला नियम कच्ची माळच बघतो. तिथे देवनागरी शब्द कधीच जुळणार नाही. नियम दिसतो बरोबर, चालत मात्र नाही.

त्यातही एक गोम आहे. वर्डप्रेस ही माळ इंग्रजी लहान लिपीत लिहितं, तर हाताने पत्ता टाइप केला की ब्राउझर ती मोठ्या लिपीत पाठवतो. मानकाप्रमाणे दोन्ही एकच. पण एनजिनएक्सच्या नेहमीच्या कॅशे-किल्लीत कच्चा पत्ता जसाच्या तसा जातो, म्हणजे एकाच पानाच्या दोन प्रती होतात. प्लगिन लहान लिपीतली प्रत पर्ज करतं, मोठ्या लिपीतली गळकी प्रत तशीच राहते. 'तीन वेळा पर्ज केलं तरी जात नाही' या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

सगळ्यात सरळ मार्ग: खातं, टोपली, पैसे भरणं या पानांचे पत्ते साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि शीर्षकं हवी तितकी मराठीत. लेखांचे पत्ते देवनागरीत असू देत, तिथे कुणाची खासगी माहिती नसते. शिवाय वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा लावतं, म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं. लांब मराठी पत्ते अर्ध्यात तुटतात ते यामुळे.

आणखी एक. लॉगिनची कुकी असेल तर कॅशे टाळा, एवढाच नियम पुरत नाही. खातं न उघडता खरेदी करणाऱ्याकडे ती कुकी नसते, पण 'ऑर्डर मिळाली' या पानावर त्याचाही पत्ता असतो. त्या पानाची गुप्त किल्ली पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे असते. सीडीएनमध्ये प्रश्नचिन्हापुढचं दुर्लक्षित करा असा पर्याय कुणी 'हिट वाढावेत' म्हणून लावला असेल, तर ती किल्ली तपासलीच जात नाही. साठलेली प्रत किल्लीशिवाय आलेल्यालाही मिळते. पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांचंही तसंच.

पाचवी: सीडीएनचे नियम

क्लाउडफ्लेअर मुळात एचटीएमएल साठवत नाही. चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा फाइली नावाच्या शेपटावरून (डॉट सीएसएस, डॉट जेएस) ओळखून साठवतो. एचटीएमएल साठायला लागलं असेल तर 'सगळं साठवा' असा नियम कुणीतरी मुद्दाम लावलेला आहे. त्याच्या जोडीला सर्व्हरने सांगितलेली मुदत डावलून ठरावीक मुदत लावली असेल, तर मूळ सर्व्हरच्या 'साठवू नका'ला किंमत उरत नाही. असा नियम ठेवायचाच असेल तर फक्त लेखांच्या पत्त्यांपुरता ठेवा.

घाईत लावलेले नियम काय करतात याचं ठळक उदाहरण म्हणजे २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानात घडलेला प्रकार. हल्ल्यामुळे वाहतूक प्रचंड वाढली, ती पेलण्यासाठी कॅशेची नवी मांडणी लावली गेली, आणि तिच्यातल्या एका मांडणीने लॉगिन केलेल्यांची पानंही साठवली. सुमारे दीड तासात अंदाजे ३४ हजार लोकांची माहिती इतरांना दिसली असावी असं स्टीम चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने नंतर जाहीर केलं. पत्ते, खरेदीचा इतिहास, कार्डाचे शेवटचे दोन आकडे. गर्दीच्या वेळी कॅशेचा नियम बदलायचा असेल तर तो गर्दीच्या आधीच तपासून तयार ठेवायला हवा.

शेपटावरून ओळखण्यातही एक भोक आहे. खात्याच्या पानापुढे तिरकी रेघ देऊन काहीतरी डॉट सीएसएस असं लिहून बघा. सर्व्हरने 'सापडलं नाही' म्हणण्याऐवजी खात्याचंच पान दिलं तर सीडीएन त्याला सीएसएस समजून साठवू शकतो. मग कुणीही असा दुवा तुमच्या ग्राहकाला पाठवायचा, त्याने टिचकी मारली की साठलेली प्रत स्वतः उघडायची. ओमर गिल या संशोधकाने २०१७ मध्ये पेपॅलवर हे करून दाखवलं होतं. तपासायला दोन मिनिटं लागतात.

सहावी: सर्व्हरची मांडणी

इथून पुढे सर्व्हरवर लॉगिन लागतं. मांडणीच्या फाइलची प्रत काढून ठेवल्याशिवाय हात लावू नका.

एनजिनएक्स मुळात सावध आहे. सेट-कुकी असलेलं किंवा 'प्रायव्हेट', 'नो-स्टोअर' म्हटलेलं उत्तर तो साठवत नाही. पण 'हिट मिळत नाहीत' म्हणून कुठूनतरी चिकटवलेल्या मांडणीत 'हे हेडर दुर्लक्षित करा' अशी ओळ असते, आणि तिच्यापुढे कॅशे-कंट्रोल, एक्सपायर्स आणि सेट-कुकी. १९८४ची तारीख इथेच मरते. ही ओळ सापडली तर ती काढणं हाच उपाय, तिला पूरक म्हणून आणखी नियम रचत बसू नका.

त्याच मांडणीत दुसरा सापळा असतो. 'बायपास' आणि 'नो-कॅशे' अशा दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली सांगते की या माणसाला साठलेली प्रत देऊ नका. दुसरी सांगते की याचं उत्तर साठवू नका. फक्त पहिली लावली तर लॉगिन केलेल्याला स्वतःचं ताजं पान मिळतं, तो समाधानी असतो, आणि तेच ताजं पान कॅशेत जाऊन पडतं. पुढच्या अनोळखी वाचकाला ते मिळतं. मालक स्वतः लॉगिन करून बघतो तेव्हा सगळं ठीक, तक्रारी मात्र बाहेरून येतात, असं चित्र असेल तर आधी हेच बघा. दोन्ही सूचना लागतात, त्याच अटीवर.

सर्व्हरपुढे बसवला जाणारा व्हार्निश हा कॅशेही मुळात सावध: मागणीत कुकी दिसली की तो कॅशे टाळतो. ॲनालिटिक्सच्या (वाचकसंख्या मोजणाऱ्या) कुकीमुळे काहीच साठत नाही म्हणून लोक कुकीच काढून टाकतात, किंवा अंगभूत नियमांपर्यंत पोहोचण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. नको असलेल्या कुकींची नावं घेऊन तेवढ्याच काढाव्यात आणि लॉगिनची कुकी तशीच ठेवावी.

कुकीनुसार वेगळी प्रत ठेवा असं सांगणारं 'व्हेरी: कुकी' हे हेडर लावून सुटता येईल असं वाटतं. तत्त्वतः येतं. पण ॲनालिटिक्सच्या कुकीमुळे प्रत्येक वाचकाची प्रत वेगळी होते आणि कॅशे असून नसल्यासारखा. शिवाय काही सीडीएन हे हेडर मानतच नाहीत. त्यावर खासगी माहितीची भिस्त ठेवू नये.

सातवी: कोड स्वतः काय म्हणतो?

१९८४ची तारीख किंवा 'नो-स्टोअर' असं काहीच हेडरमध्ये नसेल तर दोष मूळ कोडमध्ये आहे. एचटीटीपीच्या कॅशे-मानकात, म्हणजे २०२२च्या आरएफसी ९१११मध्ये, 'ऑथोरायझेशन' हेडर लावून मागितलेल्या उत्तराला संरक्षण आहे: स्पष्ट परवानगीशिवाय सामायिक कॅशेने ते साठवायचं नाही. कुकीला असं संरक्षण नाही. आणि आपलं जवळपास सगळं लॉगिन कुकीवर चालतं. वर कॅशे-कंट्रोल नसेल तर कॅशेला मुदतीचा स्वतः अंदाज बांधायचीही मुभा आहे.

म्हणून खासगी पानावर स्पष्ट लिहायचं: 'प्रायव्हेट, नो-स्टोअर'. 'नो-कॅशे' पुरेसं नाही. त्याचा अर्थ साठवा पण देण्याआधी विचारा असा आहे, नाव काहीही असो.

हेडर बरोबर, सीडीएन बंद, एनजिनएक्सचा कॅशे बंद, आणि तरी नाव बदलतंय? मग पानाचा एखादा तुकडा कोडमध्येच साठतोय. 'तुमच्या अलीकडच्या ऑर्डरी' अशा तुकड्याच्या किल्लीत वापरकर्त्याचा क्रमांक आहे का ते बघा. नोडवर (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर) चालणाऱ्या साइटमध्ये एखादं चल सगळ्या मागण्यांमध्ये सामायिक राहिलेलं असतं. याहून सूक्ष्म प्रकारही आहेत. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर काहींना इतरांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, त्यामागे रेडिस या साठवणीशी बोलणाऱ्या एका लायब्ररीतला दोष होता: अर्ध्यात रद्द झालेल्या मागणीचं उत्तर त्याच जोडणीवरच्या पुढच्या माणसाला मिळत होतं. असं काही गर्दीतच घडतं आणि घरी बसून पुन्हा घडवता येत नाही.

कुठे थांबायचं

सेशनची किल्ली गळली असेल तर सगळ्यांची सेशनं तत्काळ रद्द करा. वर्डप्रेसमध्ये मांडणीच्या फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलल्या की सगळे लॉगआउट होतात. एवढं करून थांबा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. कुणाच्या खात्यात काय बदललं गेलं हे नोंदींमधून काढणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि तुम्ही शोधाशोध करताना त्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

आरोग्याची, बँकेची, आधारची किंवा लहान मुलांची माहिती असेल तर पहिल्या तपासणीनंतरच थांबा. होस्टिंगच्या कॅशेपर्यंत तुमचा हात पोहोचत नसेल तर उतरवलेले हेडर जोडून त्यांना लिहा. आणि सातव्या तपासणीत तुकड्यांच्या किल्ल्या बरोबर निघूनही नाव बदलत असेल, तर अनुभवी प्रोग्रामरशिवाय पुढे जाऊ नका.

कायद्याची बाजू मालकाला त्याच दिवशी सांगा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार माहितीची गळती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कुणाला काय कळवायचं हे वकिलाने ठरवावं, प्लगिन बसवणाऱ्याने नव्हे.

पुन्हा चालू करताना

वेग हवा असेल तर सगळ्यांसाठी सारखं असलेलं पान साठवा आणि नाव, टोपली, ऑर्डरी यांची जागा त्यात मोकळी ठेवा. ती जागा नंतर वेगळ्या, कधीच न साठणाऱ्या मागणीने भरायची. मजेंटो २ खासगी तुकड्यांसाठी हेच करतो, आणि द्रुपल ८ पासून कुठला तुकडा कुणानुसार बदलतो हे कोडमध्येच नोंदवता येतं. लॉगिन केलेल्यांची पूर्ण पानं साठवण्यापेक्षा डेटाबेसच्या जड प्रश्नांची उत्तरं साठवली तर बहुतेक दुकानांचं काम भागतं.

शेवटी एक सापळा लावून ठेवा. 'झणझणपूरकर चाचणीवाले' असं कुठेच न सापडणारं नाव देऊन एक खातं उघडा. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट त्या खात्याने लॉगिन करून मुख्य पानं उघडेल, मग कुकीशिवाय तीच पानं मागेल आणि त्यांत ते नाव शोधेल. सापडलं तर फोनवर संदेश. आधी त्या पत्त्यांचा कॅशे पर्ज करायला स्क्रिप्टला सांगा, म्हणजे पहिला पाहुणा लॉगिन केलेलाच असेल. देवनागरी पत्त्यांची माळ लहान आणि मोठ्या अशा दोन्ही इंग्रजी लिपींत तपासा. आणि ही स्क्रिप्ट सर्व्हरवरून नव्हे, बाहेरच्या कनेक्शनवरून चालवा. सर्व्हर स्वतःलाच पान मागतो तेव्हा बऱ्याचदा सीडीएन मध्ये येतच नाही.